कटले, पण पोचले नाहीत : १२ एप्रिल २०२५चा घटनाक्रम

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं शेलूबाजार हे चौकावर वाढलेलं गाव. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना छेदतात. समृद्धी महामार्गावर चढा-उतरायची सोयही इथे आहे. चौकातलं गिऱ्हाईक निम्मं गावचं, निम्मं वाटसरू. वाटसरूला उधारी देता येत नाही. म्हणून अशा गावात काउंटरवरच्या क्यूआर कोडवर जेवढी भिस्त असते, तेवढी ओळखीपाळखीच्या आडगावात नसते.

१२ एप्रिल २०२५च्या दुपारी यूपीआय देशभर कोलमडलं, त्याचा हा घटनाक्रम. तारखा आणि आकडे देशाचे आहेत. शेलूबाजारच्या चौकातला एक व्यवहार मात्र ‘समजा’ म्हणून घेतला आहे. यूपीआयच्या मध्यवर्ती स्विचवर, म्हणजे बँकांमधले निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रणेवर, काय घडलं, ते काउंटरपाशी उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही.

१७ दिवस आधी : बुधवार, २६ मार्च, संध्याकाळ

सातच्या सुमाराला देशभरातून तक्रारी यायला लागल्या. पैसे जात नाहीत, शिल्लक दिसत नाही, अ‍ॅप फिरत राहतं. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं, म्हणजे एनपीसीआयनं, अधूनमधून तांत्रिक अडचण आल्याचं आणि ती दूर झाल्याचं सांगितलं.

त्या मार्च महिन्यात यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले, जवळजवळ २४ लाख ७७ हजार कोटी रुपयांचे. दिवसाला सरासरी ५९ कोटी. रात्रीची सामसूम धरूनही सेकंदाला ६,८०० च्या आसपास. एवढ्या ओघात एका संध्याकाळची अडचण लवकर विसरली जाते.

१० दिवस आधी : बुधवार, २ एप्रिल

पुन्हा तेच. मधल्या १ एप्रिलला आर्थिक वर्षअखेरीच्या हिशेबामुळे काही बँकांच्या यंत्रणा अडखळल्या होत्या, ते दरवर्षीचं. पण २ तारखेला दिलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं होतं. काही बँकांकडचं यशाचं प्रमाण खाली-वर होत होतं आणि त्यामुळे साऱ्या जाळ्यातच उत्तरांना उशीर होत होता. म्हणजे दोन-चार बँका मंदावल्या तर ज्यांचं त्या बँकांत खातंच नाही, त्यांनाही त्याची झळ बसते, हे उघड झालं होतं. माझ्या मते दहा दिवसांनी जे घडलं, त्याची खरी सूचना याच बुधवारी मिळाली होती.

साडेएकोणीस तास आधी : शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी ४

बँकांची काउंटरं बंद झाली. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार आणि सोमवारी १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. महाराष्ट्रात बँकेची शाखा आता थेट मंगळवारी उघडणार. शनिवारीच हनुमान जयंती. सोमवारच्या जयंतीची खरेदी, निळे झेंडे, नवे कपडे, वाजंत्रीवाल्याचा इसार, सगळं याच दोन दिवसांत. त्यात लग्नसराई. खेड्यात रोख पैसा लागण्याचे हेच दिवस, आणि रोख देणारी खिडकी तीन दिवस बंद.

योगायोग असा की ११ एप्रिल हा यूपीआयचा वाढदिवस. २०१६ साली याच तारखेला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी २१ बँकांच्या साथीनं ते प्रायोगिकरीत्या सुरू केलं. नऊ वर्षांत ते वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या पानटपरीपर्यंत पोचलं. ही कमाई मोठी आहे आणि ती मान्य करूनच पुढचं सांगायला हवं.

साडेअकरा तास आधी : मध्यरात्र

रात्री व्यवहार थोडे असतात, तेवढ्यात मूळ प्रश्न समजून घेता येतो. एका बँकेच्या वहीतून पैसे वजा करायचे, दुसऱ्या बँकेच्या वहीत जमा करायचे. दोन्ही वह्या वेगळ्या इमारतींत, वेगळ्या मालकांच्या, मध्ये तार. एकतर दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. ऐकायला सोपं, पण संगणकशास्त्रात यावर निम्मं शतक डोकेफोड चालू आहे.

जिम ग्रे यांनी १९७८ साली दोन टप्प्यांच्या संमतीची रीत मांडली. समन्वयक आधी सगळ्यांना विचारतो, “तयार आहात?” सगळ्यांनी होकार दिला की मगच सांगतो, “करा.” यातली मेख अशी की होकार दिल्यावर समन्वयकच गप्प झाला, तर प्रत्येकजण आपली वही धरून अडकून बसतो. एका बँकेच्या चार भिंतींत हे चालून जातं. एकमेकांच्या यंत्रणेवर ताबा नसलेल्या शेकडो बँकांत चालत नाही. १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी दुसरी वाट दाखवली. कुणालाही अडकवून ठेवायचं नाही, एकेक पायरी पुरी करत जायचं, आणि पुढची पायरी फसली तर मागची उलटवणारी नोंद करायची. या रीतीला त्यांनी ‘सागा’ म्हटलं. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयबीएम, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी वेब सेवांसाठी समन्वयाची मानकं लिहिली, त्यांतही हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवले. क्षणात आटपणाऱ्या कामाला पहिला, लांबणाऱ्या आणि परक्या घरांतून जाणाऱ्या कामाला दुसरा.

यूपीआय दुसऱ्या वळणाचं आहे. आधी वजा करा, मग जमा करा, जमा झालं नाही तर वजा केलेलं परत करा. निवड योग्यच होती. पण तिच्यात एक पोकळी राहते. वजा झालंय, जमेचं उत्तर आलेलं नाही, अशा मधल्या क्षणी पैसे कुठे आहेत? धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ही नाही. वऱ्हाडात त्याला लोकांनी आपला शब्द केव्हाच दिलाय : पैसे ‘कटले’.

ही पोकळी बुजवायला एक साधी सोय आहे. ‘चेक ट्रान्झॅक्शन’ नावाचा एक सवाल. बँक स्विचला विचारते, अमक्या क्रमांकाच्या व्यवहाराचं काय झालं? स्विच ते शोधून सांगतो. सवालानं पैसा हलत नाही, नुसती विचारणा होते. निरुपद्रवी दिसणारी ही विचारणाच उद्याच्या घटनेचं मूळ आहे.

साडेपाच तास आधी : शनिवार, १२ एप्रिल, सकाळी ६

सूर्योदयाला मारुतीच्या देवळांत जन्मोत्सव. नारळ, फुलं, प्रसाद. पहिले छोटे व्यवहार सुरू.

दीड तास आधी : सकाळी १०

गर्दीची वेळ सुरू झाली. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ हे गर्दीचे तास, असं एनपीसीआयनं पुढे आपल्या नियमांत लिहिलं. एप्रिलच्या उन्हात विदर्भातला शहाणा माणूस बाराच्या आत बाजार उरकतो, त्यामुळे आपल्याकडे सकाळची गर्दी आणखी दाटते.

अर्धा तास आधी : सकाळी ११

समजा, शेलूबाजारच्या चौकात एकजण ठिबकच्या नळीचे जोड घ्यायला आला आहे. बिल ६४० रुपये. पैसे द्यायची वेळ आली की तो क्यूआर कोड स्कॅन करेल, दुकानाचं नाव दिसेल, पिन टाकेल. एरवी पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत होतं, म्हणून दिसत नाही.

अ‍ॅपच्या मागे उभी असलेली बँक हा निरोप एनपीसीआयच्या स्विचकडे पाठवते. स्विच दुकानदाराच्या अ‍ॅपमागच्या बँकेला विचारतो, हा पत्ता कुठल्या खात्याचा? खातं कळलं की स्विच गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगतो, ६४० वजा करा. ती बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, वजा करते, हो म्हणते. मग स्विच दुकानदाराच्या बँकेला सांगतो, ६४० जमा करा. ती जमा करते, हो म्हणते. शेवटी दोन्हीकडच्या अ‍ॅपना कळवलं जातं, आणि त्यानंतर, आणखी एका वेगळ्या सेवेमार्फत, काउंटरवरचा साउंडबॉक्स बोलतो. दोन माणसं हातभर अंतरावर उभी आहेत. त्यांच्यामध्ये चार बँका, एक स्विच आणि डझनभर निरोप आहेत. बँकांच्या आपापसातल्या पैशाची खरी देवाणघेवाण तर याहून नंतर, दिवसातल्या ठरलेल्या फेऱ्यांत, रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर होते.

त्या एप्रिलमध्ये वजा-जमेच्या निरोपाला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांची होती.

शून्य : सकाळी साडेअकराच्या सुमारास

देशात ठिकठिकाणी व्यवहार अडकायला लागले. सगळे नाहीत, काही. हा ‘काही’ शब्द महत्त्वाचा आहे. यंत्रणा पूर्ण बंद पडली असती, तर दुकानदारानं क्यूआर कोडवर कागद चिकटवला असता. ती अर्धवट चालू होती. एकाचं जात होतं, दुसऱ्याचं नाही, म्हणून प्रत्येकजण पुन्हा करून बघत होता.

आपल्या समजा-गिऱ्हाइकानं याच मिनिटाला पिन टाकला आहे.

पहिली पाच सेकंदं काहीच वाटत नाही. रेंजचं असेल. दहाव्या सेकंदाला तो फोन वर धरतो. पंधराव्याला दुकानदार साउंडबॉक्सकडे पाहतो. विसाव्याला बँकेचा मेसेज येतो : आपल्या खात्यातून ६४० रुपये वजा. “भाऊ, माये तं कटले.” “थांबा नं दादा, इकडं बोललं नाही अजून.” दोघंही खरं बोलताहेत. पहिल्या वहीतली नोंद झाली आहे, दुसऱ्या वहीतल्या नोंदीची वार्ता नाही. तिसावं सेकंद येतं, मुदत संपते. पडद्यावर अक्षरं येतात : व्यवहार प्रलंबित.

या अक्षरांचा अर्थ त्या दोघांना कुणीही कधी सांगितलेला नाही. प्रलंबित म्हणजे फसला नव्हे. कदाचित जमा झालं असेल आणि नुसतं उत्तरच वाटेत हरवलं असेल. कदाचित जमेचा निरोपच पोचला नसेल. बाहेरून या दोन्ही अवस्था अगदी सारख्याच दिसतात. काउंटरवरूनही आणि स्विचवरूनही. समन्वयाच्या साऱ्या शास्त्राचा हाच गाभा आहे. नकार आला तर पुढे काय करायचं ते ठरवता येतं. गप्प बसलेल्याचं काय करायचं, हे ठरवता येत नाही.

मागे रांग आहे. गिऱ्हाईक पुन्हा स्कॅन करतं. इथे माणूस आणि यंत्र यांच्यात एक मोठा फरक पडतो. यंत्रानं तोच निरोप पुन्हा पाठवला तर त्यावर व्यवहाराचा क्रमांक तोच असतो, आणि नीट बांधलेली बँक ‘हे आधीच झालंय’ म्हणून दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. माणसानं पुन्हा स्कॅन केलं की क्रमांक नवा. बँकेच्या लेखी ती दुसरी खरेदी. आता ६४०चे १,२८० कटू शकतात.

१५ मिनिटांनंतर : पावणेबारा

काउंटरवर माणसं जे करत होती, तेच पडद्यामागे बँकांची यंत्रं करत होती, फक्त त्यांना थकवा नव्हता. ज्या व्यवहाराचं उत्तर आलं नाही, त्याबद्दल बँक स्विचला विचारते, काय झालं? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारते. प्रत्येक सवाल स्विचचा थोडा वेळ खातो. वेळ खाल्ला की नव्या व्यवहारांना उशीर. उशीर झाला की आणखी व्यवहारांची मुदत टळते. टळलेल्या प्रत्येक व्यवहाराबद्दल पुन्हा सवाल. शेतातल्या बांधाला पडलेलं भगदाड पाणी वाहील तसं रुंदावत जातं, तसं हे चक्र स्वतःलाच मोठं करतं.

नंतरच्या तपासात नेमकं हेच पुढे आलं : ‘चेक ट्रान्झॅक्शन’च्या सवालांचा महापूर. काही बँका तेच तेच सवाल पुन्हा पुन्हा पाठवत होत्या, त्यांत जुन्या व्यवहारांबद्दलचेही होते. कुणी हल्ला केला नव्हता, केबल तुटली नव्हती. प्रत्येक बँक आपापल्या जागी वाजवी प्रश्न विचारत होती. त्या प्रश्नांची बेरीज स्विचला पेलली नाही.

मला यात बँकांइतकाच दोष स्विचच्या बांधणीत दिसतो. जो मध्यभागी बसतो, त्यानं दाराशी मोजणी ठेवायलाच हवी. एका घरातून मिनिटाला किती सवाल आले, कितव्यांदा आले, किती जुन्या व्यवहाराचे आले, हे पाहून जास्तीचे दारातच परतवणं ही काही नवी विद्या नाही.

अर्ध्या तासानंतर : दुपारी १२

सेवा बंद पडल्याच्या तक्रारी गोळा करणाऱ्या डाउनडिटेक्टर या संकेतस्थळावर यूपीआयबद्दल अकराशेच्या वर तक्रारी जमल्या. बातम्यांत हा आकडा फिरला. दिवसाला ५९ कोटी व्यवहारांपुढे अकराशे म्हणजे काहीच नाही. शेलूबाजारच्या चौकातला माणूस अशा संकेतस्थळावर तक्रार लिहायला जात नाही. तो दुकानदाराशी बोलतो, किंवा सामान काउंटरवर ठेवून निघून जातो. त्याची मोजणी कुठेच होत नाही.

दुपारी एनपीसीआयनं जाहीर केलं : अधूनमधून तांत्रिक अडचणी आहेत, काही व्यवहार नाकारले जात आहेत, काम चालू आहे, गैरसोयीबद्दल खेद आहे. निवेदन प्रामाणिक होतं. पण लोकांना हवी असलेली एक ओळ त्यात नव्हती : पैसे कटले असतील तर पुन्हा देऊ नका.

दीड तासानंतर : दुपारी १

चौकापासून जवळच, समृद्धीच्या टोलवर, हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवलेला आहे. फास्टॅगची व्यवस्थाही एनपीसीआयचीच. पण तिथे गाडी आली की टॅग वाचला जातो, तो वैध आहे की काळ्या यादीत आहे एवढं पाहिलं जातं आणि दांडा वर होतो. पैसे वजा करण्याचा निरोप मागाहून टोलच्या बँकेकडून स्विचकडे, तिथून टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो. त्या निरोपाला उशीर झाला म्हणून गाडी अडून राहत नाही. कारण पैसे नंतर मिळतीलच, याची जबाबदारी कुणावर हे आधी ठरलेलं आहे.

काउंटरवर तसं ठरलेलं नाही. तिथे ‘प्रलंबित’चा धोका उचलायचा कुणी, हे त्या क्षणी उभ्या असलेल्या दोन माणसांनी आपसात ठरवायचं. ओळखीचा असेल तर दुकानदार म्हणतो, न्या, संध्याकाळी पाहू. वाटसरू असेल तर सामान मिळत नाही, आणि पैसे तर कटलेले. जबाबदारीची ही वाटणी तंत्रज्ञानाची नाही, नियमांची आहे. म्हणूनच ती बदलता येण्यासारखी आहे.

दुपारनंतर

हळूहळू व्यवहार रुळावर आले. साउंडबॉक्स पुन्हा बोलायला लागले. अशा वेळी काही बॉक्स अडकलेले जुने निरोप एकामागून एक बोलून दाखवतात आणि कोणता आवाज कुणाचा, हे जुळवण्यात दुकानदाराची संध्याकाळ जाते.

एक दिवसानंतर ते पाच दिवसांनंतर : १३ ते १७ एप्रिल

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात कटलेल्या पैशांची मुदत लिहिलेली आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत. दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर दिलेले असतील आणि त्याला पोचपावती मिळाली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकानं तक्रार करण्याची वाट न पाहता. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत.

१२ तारखेला पाच दिवस जोडले की १७ येते. नियम चांगला आहे. पण ठिबकच्या जोडांना गिऱ्हाईक १७ तारखेपर्यंत थांबू शकत नाही, आणि बँकेत जाऊन विचारावं तर शाखा १५ला उघडणार. शंभर रुपयांची ही तरतूद किती दुकानांच्या भिंतीवर लिहिलेली दिसते? प्रत्येक क्यूआर फलकाखाली ती मराठीत छापायला हवी.

त्यानंतर

२८ एप्रिलला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी यूपीआयचा आढावा घेतला. येत्या दोन-तीन वर्षांत दिवसाला १०० कोटी व्यवहारांचं लक्ष्य त्या बैठकीत ठेवलं गेलं.

एनपीसीआयनं बँकांना परिपत्रकं पाठवली आणि त्यांत दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. व्यवहार सुरू झाल्यापासून ९० सेकंद उलटल्याशिवाय पहिला ‘चेक ट्रान्झॅक्शन’ पाठवायचा नाही. जास्तीत जास्त तीनदा विचारायचं, तेही शक्यतो दोन तासांच्या आत. ठरावीक चुकांचे संकेत आले तर व्यवहार फसला असंच धरायचं, पुन्हा विचारायचं नाही. १६ जूनपासून वजा-जमेच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५वर आली आणि विचारणेच्या उत्तराची १०वर. १ ऑगस्टपासून शिल्लक पाहण्यालाही मर्यादा आली, एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळा.

मुदत निम्म्यावर आणणं वरवर उलटं वाटतं. अडचण असताना जास्त वेळ द्यायला नको का? नको. अडकलेला प्रत्येक व्यवहार जेवढी सेकंदं लटकत राहतो, तेवढा वेळ चारही बँकांत जागा अडवून बसतो. पंधराव्या सेकंदाला ‘झालं नाही’ असं स्पष्ट उत्तर मिळणं हे तिसाव्यापर्यंत ताटकळण्यापेक्षा काउंटरवरही बरं आणि स्विचवरही.

या सगळ्या दुरुस्त्या बँका आणि स्विच यांच्यामधल्या आहेत, आणि त्या गरजेच्याच होत्या. चौकातल्या त्या दोघांसाठी काम अजून बाकी आहे. ‘प्रलंबित’ या एका शब्दाच्या जागी दोन्ही पडद्यांवर, गिऱ्हाइकाच्या आणि दुकानदाराच्याही, एकाच वेळी आणि त्यांच्या भाषेत हे दिसायला हवं : रक्कम वजा झाली आहे, जमेची खात्री झालेली नाही, पुन्हा पैसे देऊ नका, जमा झाली नाही तर अमुक तारखेपर्यंत परत येईल. ही माहिती यंत्रणेकडे त्या क्षणी असते. तारीखही असते, कारण मुदत रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातच लिहिलेली आहे.